दाढीचा साबण : फेस, वास आणि हिशेब



लागणीचे अंतर, खोडव्याची निगा, बेणेप्रक्रिया, तोडीचा प्रोग्रॅम याविषयी या पानांतून आपण नेहमीच बोलतो. या अंकातला विषय थोडा निराळा आहे. विषय आहे दाढीच्या साबणाचा. तोही हाताने केलेल्या, वासाच्या साबणाचा.

त्याला निमित्त घडले ते असे. आपल्या कार्यक्षेत्रातील एका महिला बचत गटाने घरी केलेले दाढीचे साबण आमच्याकडे पाठवले. चार प्रकार : वाळ्याचा, चंदनी, गवती चहाचा आणि एक बिनवासाचा. सोबत निरोप होता, "दादा, वापरून बघा आणि खरं काय ते सांगा. जमलं तर बँकेचं कर्ज काढून धंदा वाढवायचा इचार हाय. उगं तोंडदेखलं चांगलं म्हणू नगा."

निरोप वाचून आम्ही जरा सावध झालो. गटात अकरा जणी आहेत. म्हणजे प्रश्न नुसता गालावरच्या फेसाचा राहिला नाही, अकरा घरांवर चढणाऱ्या कर्जाचा झाला. तेव्हा चार दिवस वापरून "वा, छान" म्हणण्यात अर्थ नव्हता. आम्ही सहा जणांनी मिळून चाळीस दिवस हे साबण वापरले आणि जमेल तेवढी माहितीही गोळा केली. ती सभासदांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहोत.

साबण शिजतो कसा?

ज्याने गुऱ्हाळ पाहिले आहे त्याला साबण समजायला वेळ लागत नाही. काहिलीत रस आटतो, गुळव्या काकवीचा थेंब पाण्यात टाकून चाचणी घेतो, आणि नेमक्या वेळी काहील उतरवतो. साबणातही सगळे नेमकेपणावर आहे. फरक एवढाच की, रस नुसता आटतो, साबणात मात्र दोन पदार्थांचे मिळून तिसरेच काही तयार होते. तेल किंवा चरबी आणि कॉस्टिकचे पाणी एकत्र आले की त्यांचा साबण होतो आणि ग्लिसरीन सुटते. मोठे साबण कारखाने बहुधा हे ग्लिसरीन काढून घेऊन वेगळे विकतात. हाताने केलेल्या साबणात ते आतच राहते. घरगुती साबण वापरल्यावर कातडी कमी ओढल्यासारखी वाटते, त्याचे हे एक कारण.

आता अंगाचा साबण आणि दाढीचा साबण यांत फरक काय? अंगाची वडी कॉस्टिक सोड्यावर करतात, त्यामुळे ती टणक होते. दाढीला तसे चालत नाही. दाढीचा फेस दाट हवा आणि दहा मिनिटे गालावर उभा राहायला हवा. म्हणून त्यात सोड्याबरोबर कॉस्टिक पोटॅशही घालतात. पोटॅशचा साबण मऊ असतो, पाण्यात लवकर सुटतो. दुसरी गोष्ट म्हणजे स्टिअरिक अॅसिड. मेणासारखे दिसणारे हे पांढरे द्रव्य फेसाला ताकद देते. नुसत्या खोबरेल तेलाच्या साबणाला फेस भराभर येतो, पण तितक्याच लवकर बसतोही, आणि कातडी कोरडी पडते. म्हणून खोबरेल थोडे, स्टिअरिक जास्त आणि जोडीला थोडे एरंडेल, असा मेळ घालतात.

येथे एक खुलासा करणे जरूर आहे. कॉस्टिक पोटॅश म्हणजे आपण उसाला घालतो ते म्युरेट ऑफ पोटॅश नव्हे. नावात पोटॅश असले तरी दोन्हींचे गुण अगदी वेगळे. खताच्या पोत्यातले पोटॅश साबणात घालून काही होणार नाही, आणि कॉस्टिक पोटॅश हातावर पडले तर कातडी भाजेल.

मापाचा नेमकेपणा किती लागतो ते पाहा. १०० ग्रॅम खोबरेल तेलाचा साबण व्हायला कॉस्टिक सोडा सुमारे १८ ग्रॅम लागतो. पोटॅश वापरले तर सुमारे २६ ग्रॅम. १०० ग्रॅम स्टिअरिक अॅसिडला हेच आकडे सुमारे १४ आणि २० असे आहेत. कॉस्टिक जास्त झाले तर उरलेले गाल जाळते, कमी झाले तर साबण तेलकट राहतो. जाणकार कारागीर मुद्दामच शेकडा पाचपर्यंत तेल जादा ठेवतात, म्हणजे कॉस्टिक उरण्याची भीती राहत नाही. शिवाय बाजारातले कॉस्टिक पोटॅश शंभर टक्के शुद्ध नसते, त्यात ओल असते. डब्यावरची शुद्धता वाचून हिशेब बदलावा लागतो.

"आमच्या साबणात केमिकल नाही" असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. कॉस्टिकवाचून साबण होतच नाही. साबण नीट झाला असेल तर त्यात मोकळे कॉस्टिक उरत नाही, एवढेच खरे.

वासाचे मूळ कुठे आहे?

वासाच्या बाबतीत ऊस उत्पादकांना गंमत वाटेल अशा दोन गोष्टी आहेत.

पहिली अशी की ऊस, वाळा आणि गवती चहा हे एकाच गवतकुळातले भाऊबंद आहेत. उसाने गोडी कांड्यात साठवली, गवती चहाने वास पानात साठवला आणि वाळ्याने मुळात. बांधावर वाळा लावला तर माती धरून ठेवतो, हे अनेक सभासदांना ठाऊक आहे. मात्र तेल मुळातून निघते, म्हणजे मुळे खणावी लागतात. बांध राखायला लावलेला वाळा तेलासाठी उपटला तर पहिल्या वळवाला बांध जाईल. तेलासाठी वाळा करायचा तर तो वेगळ्या तुकड्यात करावा.

दुसरी गोष्ट सातासमुद्रापलीकडची. युरोप-अमेरिकेत न्हाव्याच्या दुकानातला ओळखीचा वास म्हणजे 'बे रम'. हा जन्मला वेस्ट इंडीजच्या ऊस पिकवणाऱ्या बेटांवर. तिथे लवंग-जांभळाच्या कुळातले एक झाड होते. त्याची पाने चुरगळली की लवंगेसारखा वास येतो. ही पाने रममध्ये घालून ऊर्ध्वपातन करीत. रम ही उसाच्या मळीची, म्हणजे आपल्याच पिकाची नात. सेंट थॉमस बेटावर १८३८ साली औषधाचे दुकान काढणाऱ्या आल्बर्ट रीसे या डॅनिश गृहस्थाने हा माल पुढे जगभर नेला. ही बेटे तेव्हा डेन्मार्ककडे होती, १९१७ साली अमेरिकेने ती विकत घेतली. याच बेटांवर १८४८ सालापर्यंत गुलामांच्या घामावर उसाचे मळे चालत, हेही त्या वासाबरोबर ध्यानात ठेवले पाहिजे.

लंडनमधली दाढी-सामानाची काही दुकाने दोनशे वर्षांहून जुनी आहेत. ट्रूफिट अँड हिल हे १८०५ सालचे. लाकडी वाडग्यात बसवलेला वासाचा साबण ही त्यांची जुनी खासियत. इटलीत मिलानचा 'चेला' साबण १८९९ पासूनचा. तिकडच्या साबणांत लॅव्हेंडर आणि कुमारिन यांच्या मेळातला वास फार चालतो. त्याचे मूळ पॅरिसच्या उबिगां या घराण्याने १८८२ साली काढलेल्या एका अत्तरात आहे. कुमारिन हे द्रव्य प्रयोगशाळेत केलेले होते. तेव्हा "जुने ते सारे नैसर्गिक" हाही भ्रमच.

आपल्याकडे पूर्वी नाभिक बंधू गावात फिरत. वाटीत पाणी, बोटांनी दाढी भिजवून मऊ करायची, वस्तरा फिरवायचा आणि शेवटी तुरटी. साबण आला तो नंतर. विलायती साबणात जनावराची चरबी असते म्हणून पुष्कळ घरांत तो चालत नसे. १९१८ साली गोदरेजने वनस्पती तेलाचा 'चावी' साबण बाजारात आणला, त्यामागे हेही एक कारण होते. आजही परदेशी हातबनावटीच्या दाढीच्या साबणात चरबी सर्रास असते. ज्यांना चालत नसेल त्यांनी डबीवरची यादी वाचून घ्यावी. आमच्याकडे आलेल्या साबणात खोबरेल, एरंडेल आणि वनस्पतीजन्य स्टिअरिक एवढेच होते, हे गटाने लिहून दिले आहे.

आम्ही कसे पाहिले, काय दिसले

वापरणाऱ्यांत मुद्दाम वेगवेगळी माणसे घेतली. दिवसभर उन्हात फडावर फिरणारा शेतकी खात्यातला एक चिटबॉय, रात्रपाळीचे एक पॅनमन, वजनकाट्यावरचे कारकून, सत्तरी ओलांडलेले एक सभासद, गावातले एक नाभिक बंधू आणि आम्ही. प्रत्येक साबण दहा दिवस. दर नव्या साबणाला नवे पाते. आधी प्रत्येकाने कोपराच्या आतल्या बाजूला थोडा फेस लावून एक दिवस वाट पाहायची, मगच गालाला.

गालाला लावण्याच्या आधी साबण प्रयोगशाळेत दाखवून घेतले. अल्कोहोलमध्ये साबण विरघळवून त्यात फिनॉल्फ्थॅलिनचा थेंब टाकतात. गुलाबी रंग आला तर मोकळे कॉस्टिक उरले आहे असे समजायचे. एक लॉट गुलाबी झाला. तो तसाच बाजूला ठेवला आणि गटाला कळवले. चौकशीत उमगले की त्यांचा काटा पाच-पाच ग्रॅमने पुढे सरकतो. किराणा तोलायला तो ठीक आहे. कॉस्टिक तोलायला एक ग्रॅम दाखवणाराच काटा हवा. आमचे केमिस्ट म्हणाले, "रसाचा पीएच चुकला तर साखर काळवंडते, इथं माणसाचं तोंड भाजंल."

उरलेल्या लॉटचा अनुभव असा :

बिनवासाचा. याला मेणाचा किंचित वास येतो, त्यापलीकडे काही नाही. पण फेस सर्वांत चांगला याचाच. नाभिक बंधूंनी वाटीत ब्रश फिरवून पाहिला आणि म्हणाले, "फेस उभा ऱ्हातोय. वाळत न्हाई, पात्याला चिकटत न्हाई. गिऱ्हाईक बोलत बसलं तरी चालंल." सत्तरीच्या सभासदांनी हाच ठेवून घेतला.

वाळ्याचा. सहापैकी चौघांना सर्वांत आवडला. पहिल्या पावसात तापलेली माती भिजते, साधारण तसला वास. दाढी करताना येतो आणि तोंड धुतले की मागे फारसा राहत नाही. हा गुणच समजावा. सकाळी फडावर जायचे तर माणसाला अत्तर लावून हिंडण्याची गरज नसते.

चंदनी. वास भरपूर, दुपारपर्यंत टिकणारा. कातडीला कोणाला त्रास नाही. पण 'शुद्ध चंदन' असे जे वेष्टनावर लिहिले आहे ते टिकणारे नाही. चंदनाचे तेल झाडाच्या गाभ्यातून निघते, गाभा धरायला झाडाला वर्षानुवर्षे लागतात, आणि तेलाचा भाव त्याप्रमाणेच असतो. गटाने ज्या भावात बाटली घेतली त्या भावात खरे चंदन तेल येत नाही. ते तयार केलेले सुगंधी द्रव्य आहे. तसे असण्यात पाप नाही, मात्र लिहिताना 'चंदनी वासाचा' एवढेच लिहावे.

गवती चहाचा. वासाला उत्तम, ताजा. पण चिटबॉयच्या कोपराजवळ लालसर चट्टा उठला म्हणून त्याने तो गालाला लावलाच नाही, आणि पॅनमनच्या गालाची आग झाली. गवती चहाच्या तेलात सिट्राल नावाचे द्रव्य पुष्कळ असते, ते काही जणांच्या कातडीला सोसत नाही. नुकत्याच वस्तरा फिरलेल्या गालाला तर नाहीच. 'नैसर्गिक' म्हणजे 'निर्धोक' असे नसते. हा प्रकार एक तर वासाचे प्रमाण पुष्कळ कमी करून करावा, नाही तर सोडून द्यावा, असे आमचे स्पष्ट मत झाले.

पाण्याचा दोष साबणावर नको

वापरताना एक गोष्ट फार ठळक दिसली. तोच साबण एकाकडे लोण्यासारखा फेसाळतो आणि दुसऱ्याकडे दह्यासारखा फुटतो. वजनकाट्यावरच्या कारकुनांनी पहिल्याच दिवशी "फेसच येत न्हाई" म्हणून तक्रार केली. त्यांच्या घरी बोअरचे पाणी आहे. पाण्यात चुना आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असले की साबण त्यांच्याशी मिळून न विरघळणारा साका होतो. जड पाणी म्हणतात ते हेच. ज्यांच्या जमिनी चोपण झाल्या आहेत त्यांना क्षारांची ओळख वेगळी करून द्यायला नको.

घरच्या घरी पाहायचे असेल तर बाटलीत पाणी घ्यावे, साबणाचा चुरा टाकून जोरात हलवावे. फेस टिकला तर पाणी हलके. पांढरट कण तरंगले तर जड. पाणी उकळल्याने जडपणाचा एक भागच जातो, सगळा जात नाही. दाढीला पाणी वाटीभरच लागते. पावसाचे साठवलेले किंवा फिल्टरचे घ्यावे. कारकुनांनी पिण्याचे फिल्टरचे पाणी घेतले आणि त्यांची तक्रार मिटली.

ब्रश आधी कोमट पाण्यात भिजवावा, पाणी झटकावे, वडीवर अर्धा मिनिट फिरवावा, मग वाटीत थेंब थेंब पाणी घालत फेस करावा. पाते केसांच्या दिशेने चालवावे. घाई नको.

काळजीच्या गोष्टी

साबण कितीही चांगला असला तरी खरा धोका पात्यात आणि तुरटीच्या खड्यात असतो. हिपॅटायटिस बी, म्हणजे रक्तातून पसरणारी एक प्रकारची कावीळ, हिचा विषाणू शरीराबाहेर वाळलेल्या रक्तात किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. म्हणून घरातही एकाचे पाते दुसऱ्याने वापरू नये. दुकानात बसल्यावर "नवं पातं घाला, मामा" म्हणायला लाजू नये. एकच तुरटी सर्वांच्या तोंडावर फिरवू नये. आपला ब्रश आणि आपली तुरटी आपल्यापाशी असावी.

चेहऱ्याला लिंबू चोळून उन्हात जाणे टाळावे. लिंबाच्या सालीत अशी द्रव्ये असतात की त्यांवर ऊन पडले तर कातडी भाजून काळे डाग उठतात.

घरी साबण करणाऱ्या भगिनींसाठी : कॉस्टिक पाण्यात टाकावे, कॉस्टिकवर पाणी कधीही ओतू नये, कारण ते उसळून अंगावर येते. अॅल्युमिनियमचे पातेले वापरू नये, कॉस्टिक ते खाते आणि पेट घेणारा वायू सुटतो. स्टेनलेस स्टील वापरावे. डोळ्यांना चष्मा, हातांत रबरी मोजे, लहान मुले लांब. डोळ्यात उडाले तर लगेच वाहत्या पाण्याने बराच वेळ धुवावे आणि तसेच डॉक्टरकडे जावे.

कर्ज काढावे का?

आता मूळ प्रश्न. गटाला आम्ही जे सांगितले ते येथेही सांगतो, कारण असे प्रश्न इतरांनाही पडतात.

पहिला मुद्दा परवान्याचा. दाढीचा साबण कायद्याने सौंदर्यप्रसाधनात मोडतो. १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि त्याखालील २०२० चे नियम यांप्रमाणे विक्रीसाठी माल करायचा तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडून परवाना लागतो. घरी वापरायला केला तर गोष्ट वेगळी. स्वतःची जागा नियमात बसत नसेल तर परवाना असलेल्या दुसऱ्याच्या कारखान्यात आपला माल करून घेण्याचीही सोय नियमांत आहे, तिला 'लोन लायसन्स' म्हणतात. नाव लोन असले तरी बँकेच्या कर्जाशी तिचा संबंध नाही. आधी परवान्याचे काय ते पाहावे, मग बँकेची पायरी चढावी.

दुसरा मुद्दा गिऱ्हाइकाचा. एका दाढीला साबण लागतो सुमारे एक ग्रॅम. म्हणजे शंभर ग्रॅमची वडी रोज दाढी करणाऱ्यालाही तीन महिन्यांवर पुरते. माल चांगला, म्हणूनच गिऱ्हाईक लवकर परत येत नाही! एक माणूस वर्षाला फार तर चार वड्या घेणार. महिन्याला पाचशे वड्या करायच्या तर रोज ब्रशने दाढी करणारी कायमची पंधराशे गिऱ्हाइके पाहिजेत. हा हिशेब मांडला तेव्हा गटातल्या एक आक्का म्हणाल्या, "आवं, निम्मी गल्ली तर दाढीच राखून हाय." बोलणे हसण्यावारी नेले तरी मुद्दा खराच होता.

तिसरा मुद्दा खर्चाचा. गटाने तेल, कॉस्टिक, वास, वेष्टन धरले होते. स्वतःची मजुरी धरली नव्हती. फसलेला लॉट, न खपलेला माल, बाजारात जाण्या-येण्याचे भाडे हेही धरले नव्हते. आपणही उसाचा खर्च मांडताना घरच्या माणसांचे राबणे सोडून देतो आणि नफा झाला म्हणतो. तेच इथे झाले होते.

साखरेचा या धंद्याशी संबंध आहे, तो असा. पारदर्शक साबण करताना अल्कोहोल, ग्लिसरीन आणि साखरेचा पाक वापरतात. साध्या साबणातही थोडी साखर पाण्यात विरघळवून घातली तर फेस वाढतो. फार तापले तर मात्र साबण तपकिरी होतो. पण एवढ्यावरून साखरेला नवे गिऱ्हाईक मिळाले असे कोणी समजू नये. चमच्याचे काम आहे, पोत्याचे नव्हे.

म्हणून सल्ला असा दिला : कर्ज आताच नको. एक ग्रॅमचा काटा घ्यावा, प्रत्येक लॉटची तारीख आणि वजने वहीत लिहावीत, प्रत्येक लॉट तपासून घ्यावा. बिनवासाचा आणि वाळ्याचा असे दोनच प्रकार ठेवावेत. परवान्याची चौकशी पुरी झाल्यावर आधी आसपासच्या सलूनवाल्यांना द्यावा, कारण त्यांच्याकडे वडी महिनाभरही पुरत नाही, आणि वर्षभर किती परत मागणी येते ते पाहावे. ती वही हातात घेऊन मग बँकेत जावे.

गटाच्या भगिनींनी हे शांतपणे ऐकून घेतले. कर्जाचा अर्ज त्यांनी तूर्त बाजूला ठेवला आहे आणि नवा काटा आणला आहे. नव्या काट्यावर तोललेला पहिला लॉट प्रयोगशाळेत आला तेव्हा फिनॉल्फ्थॅलिनला रंग चढला नाही, हे कळवण्यास आनंद वाटतो.

सभासदांपैकी कोणी वाळ्याचे किंवा अन्य सुगंधी गवताचे पीक घेतले असेल, किंवा घरात कोणी साबण करीत असेल, तर आपला अनुभव खर्चाच्या आकड्यांसह आमच्याकडे लिहून पाठवावा. त्यातला उपयोगी भाग पुढील अंकात अवश्य देऊ.